वांकिडीच्या वाटेवरचा रोगी

आसिफाबादेहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेलंगणाची हद्द संपण्यापूर्वी थोडे अलीकडे, वांकिडी हे गाव लागते. आमच्या बहुतेक वाचकांनी या गावाचे नाव ऐकले नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. इतिहासाच्या मोठ्या ग्रंथांत वांकिडीला जागा मिळालेली नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडल ११ ऑक्टोबर २०१६ पासून नव्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. गावच्या बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी या तिन्ही भाषा एकाच वेळी कानी पडतात. मराठी बोलणारे माळी व कुणबी येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. गोंडांचे परंपरागत गायक जे प्रधान, त्यांच्या घरची भाषाही मराठीच आहे. सभोवारच्या डोंगरांत गोंड आणि कोलाम यांचे पाडे आहेत.

अशा गावाचा इतिहास लिहावयाचा तर तो राजांच्या वंशावळीवरून लिहिता येणार नाही. आम्ही येथे एक साधा प्रश्न हाती घेतला आहे. या मुलखातील माणूस आजारी पडला म्हणजे तो कोठे जात असे, कोणापाशी जात असे, आणि तेथे पोचेपर्यंत त्याचे काय होत असे ? या प्रश्नाच्या उत्तरातच राज्यकर्त्यांची, धर्मसंस्थांची आणि आपल्या सर्वांची परीक्षा झालेली आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या देवस्थानांच्या परंपरेपासून आरंभ करणे उचित होईल, कारण रोग्याची शुश्रूषा हा धर्मकार्याचा भाग आहे ही कल्पना या भूमीला परकी नव्हे. कांचीपुरमजवळच्या तिरुमुक्कूडल येथील विष्णुमंदिरात वीरराजेंद्र चोळ राजाच्या कारकीर्दीतील, म्हणजे अकराव्या शतकातील, एक विस्तृत शिलालेख आहे. मंदिराच्या उत्पन्नातून चालणाऱ्या पंधरा खाटांच्या एका रुग्णालयाची व्यवस्था त्यात नोंदलेली आहे. एक वैद्य, एक शल्यकर्म करणारा, औषधी वनस्पती आणणारे सेवक, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया, एक न्हावी, आणि वर्षभर साठवून ठेवावयाच्या औषधांची यादी, असा सर्व तपशील त्या दगडावर कोरलेला आहे. कोणास किती धान्य द्यावे हेही ठरवून दिलेले आहे.

याहून आम्हांस जवळचा असा दाखला काकतीयांच्या राज्यातील आहे. गुंटूर जिल्ह्यातील मलकापुरम येथील इ. स. १२६१ च्या शिलालेखात राणी रुद्रमादेवीच्या काळच्या एका मोठ्या दानाचे वर्णन येते. शैवाचार्य विश्वेश्वरशंभू यांना मिळालेल्या गावांच्या उत्पन्नाचे तीन भाग केले होते. एक भाग देवाच्या पूजेसाठी, दुसरा मठ आणि विद्यार्थी यांच्यासाठी होता. तिसऱ्या भागातून प्रसूतिशाला, आरोग्यशाला आणि सत्र चालत असे. अन्नसत्राचे दार ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत सर्वांस उघडे असावे, असेही तेथे सांगितले आहे. देवाच्या पूजेला आणि बाळंतिणीच्या खाटेला एकाच दानपत्रात जागा देणारी ही दृष्टी खरोखर थोर होय.

परंतु या अभिमानास एक मर्यादा आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दान जेथे दिले गेले तेथेच ते राहिले. मठाच्या भोवतालचा गाव सुखी झाला. अरण्यातील पाड्यापर्यंत त्या आरोग्यशालेतील काढा पोचला असेल, असे मानण्यास काही आधार नाही. शिवाय पुढील शतकांत आपल्या देवळांच्या दारांशी कोणास उभे राहू दिले आणि कोणास दिले नाही, हेही आपण विसरता कामा नये. ज्यास देवळाच्या पायरीवर येण्यास बंदी होती, त्यास देवळाच्या पुण्याईतून औषध मिळणे दुरापास्तच होते. सेवेची कल्पना आपणांपाशी होती. ती सर्वांच्या दारी नेण्याची वाट मात्र आपण बांधली नाही.

आता निजामाच्या राजवटीकडे वळू. वैद्यकाच्या इतिहासात हैदराबादचे स्थान मोठे आहे. १८४६ साली तेथे वैद्यकशाळा निघाली. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मविषयी दोन आयोग बसले. त्यांचे प्रवर्तक डॉ. एडवर्ड लॉरी हे होते, खर्च निजाम सरकारने सोसला, आणि त्यांच्या निष्कर्षांवर विलायतेतील वैद्यांत पुष्कळ वाद झाला. पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाच्या जंतूचा माग लागला. त्या शोधाबद्दल त्यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे ज्या रोगाने आदिलाबादच्या जंगलात पाडेच्या पाडे अंथरुणाला खिळत, त्याचे रहस्य त्याच निजामाच्या मुलखात, राजधानीच्या शेजारी उलगडले.

आणि तरीही जंगलातील तापकऱ्यास त्याचा उपयोग काय झाला ? हा जिल्हा तेव्हा दूरचा आणि दुर्लक्षित समजला जाई. १८७२ पासून तो सिरपूर-तांडूर या नावाचा उपजिल्हा होता, आणि १९०५ साली त्यास पुऱ्या जिल्ह्याचा दर्जा मिळाला. हवा वाईट आणि हिवताप फार, अशी त्याची ख्याती होती. बदली होऊन येणाऱ्या अंमलदारास हा मुलूख शिक्षेसारखा वाटे. राजधानीत इमारती उठत होत्या. मुशी नदीच्या काठचे उस्मानिया रुग्णालय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभे राहिले, आणि त्याची वास्तू आजही पाहणाराची नजर खिळवते. आसिफाबादच्या डोंगरांतील रोग्याने ती कधी पाहिली नाही. भाषेचीही अडचण होती. उस्मानिया विद्यापीठाने वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून दिले. आपल्या देशी भाषेत शास्त्र शिकविण्याचा तो उपक्रम धाडसाचा होता यात शंका नाही. पण गोंडी, कोलामी, मराठी वा तेलुगू बोलणाऱ्या रोग्यास दरबारची उर्दू इंग्रजीइतकीच अनोळखी होती.

१९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. त्याचा लढा जमिनीचा आणि जंगलाचा होता. त्यानंतर सरकारास जाग आली आणि मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांस आदिवासींच्या स्थितीचा अभ्यास करण्यास पाचारण करण्यात आले. ते आणि त्यांच्या पत्नी मार्लवाई या गोंड गावात राहिले. १९४३ साली तेथे गोंडी शिक्षकांना तयार करण्याचे केंद्र निघाले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावी, अशी दरबाराची प्रथा त्याच दशकात सुरू झाली आणि ती पुढेही चालू राहिली. मेस्राम कुळाच्या या दैवताच्या यात्रेत पुष्य अमावास्येला हजारो लोक जमतात. देवाच्या दारी राज्याने रयतेचे ऐकावे, ही गोष्ट आमच्या वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. या लेखाच्या अखेरीस आम्हांस तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

याच सुमारास ब्रिटिश हिंदुस्थानात भोर समितीचे काम चालू होते. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणावरून कोणासही योग्य उपचारास मुकावे लागू नये, हे तत्त्व तिने पुढे मांडले. प्रारंभी चाळीस हजार लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र असावे, अशी तिची सूचना होती. समितीने पाहणी ब्रिटिश मुलखाची केली होती, आणि निजामाचे राज्य तिच्या कक्षेबाहेर होते. परंतु स्वातंत्र्यानंतर सर्व देशाने तेच तत्त्व स्वीकारले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूहविकास योजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर आरोग्यकेंद्रे निघू लागली. पुढे हे प्रमाण ठरले ते असे : सपाटीवर तीस हजारांस आणि डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजारांस एक केंद्र, तसेच सपाटीवर पाच हजारांस आणि आदिवासी भागात तीन हजारांस एक उपकेंद्र.

हे आकडे न्यायाचे दिसतात, आणि ठरविणारांचा हेतूही न्यायाचाच होता. परंतु तीन हजार लोक एका गावात राहतात तेव्हा उपकेंद्र चार पावलांवर असते. तेच तीन हजार लोक तीस पाड्यांत विखुरलेले असतात तेव्हा पावसाळ्यात उपकेंद्र आणि रोगी यांच्या मध्ये दोन नाले येतात. माणशी हिशेब समान झाला म्हणून वाट समान झाली नाही. डोंगराच्या बाबतीत आपल्या सर्व योजनांचा हा जुना दोष आहे.

त्यातच १९५६ साल उजाडले. भाषावार प्रांतरचनेत हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले. आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा आणि किनवट हे भाग मुंबई राज्यात गेले, आणि राजुरा पुढे चांदा जिल्ह्यास जोडला गेला. वांकिडी आंध्र प्रदेशात राहिली आणि २०१४ पासून ती तेलंगणात आहे. रेघ ओढणारांनी भाषेचा विचार केला होता. पण जेथे एकाच घरात सून तेलुगू आणि सासू मराठी बोलते, तेथे रेघ कोठून जाणार ? शेजारच्या केरामेरी मंडलाला लागून असलेल्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील लोकांनी दोन-दोन शिधापत्रिका बाळगल्या आणि दोन-दोन राज्यांत मते दिली. बाहेरचा माणूस यास गंमत म्हणेल. पण ज्याचे मूल रात्री तापाने फणफणते त्यास दोन पत्रिकांपैकी कोणती बरोबर न्यावी हा प्रश्न गमतीचा वाटत नाही.

येथे आम्ही वाचकांपुढे इतिहासाची एक उजळ बाजू ठेवू इच्छितो. गरिबाला आरोग्य देता येतच नाही, जंगलात काहीच पोचत नाही, असे निराशेचे बोलणे वारंवार ऐकू येते. ते खरे नाही.

देवीचा रोग घ्या. गावोगाव, घरोघर शोध घेऊन आणि प्रत्येक रोग्याभोवतीच्या माणसांना टोचून हा रोग हटविण्यात आला. १९७५ साली भारतात त्याचा शेवटचा रोगी सापडला आणि १९७७ साली देश देवीमुक्त ठरला. यॉज नावाचा त्वचारोग घ्या. पाणी, साबण आणि अंगभर वस्त्र यांची जेथे टंचाई, तेथे मुलांच्या अंगावर व्रण उठविणारा हा रोग जवळजवळ केवळ आदिवासींचाच होता. ओरिसा, मध्यप्रदेश, आंध्र, मद्रास आणि महाराष्ट्र या राज्यांतील जंगलपट्ट्यांत तो नांदत होता. पेनिसिलिनची एक सुई त्यास पुरे होत असे. १९५२ पासून त्याविरुद्ध मोहीम झाली, मधल्या काळात ती मंदावली, आणि १९९६ पासून तिने पुन्हा जोर धरला. २००३ साली शेवटचे रोगी नोंदले गेले, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत या रोगातून मुक्त झाल्याचे मान्य केले. नारूचे तसेच. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांना या जंताने किती छळले, हे मराठवाड्यातील आणि आंध्रातील वृद्ध मंडळी सांगतील. पाणी गाळून प्यावे, पायऱ्यांच्या विहिरींत उतरू नये, हातपंप बसवावे, या साध्या उपायांनी १९९६ साली नारूचा शेवटचा रोगी झाला आणि २००० साली देशास मुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

या तिन्ही रोगांत एक गोष्ट समान आहे. सेवकाने रोग्याकडे चालत जावयाचे, हा तेथे नियम होता. रोग्याने आपली ऐपत सिद्ध करावी, कागद दाखवावा, रांगेत उभे राहावे, असे कोणी म्हटले नाही. जात, भाषा आणि राज्य न पाहता सेवक दारी गेला, आणि रोग गेला.

उलट बाजूचा धडा हिवतापाने दिला. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरसाल सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाची आणि १९५८ साली निर्मूलनाची मोहीम निघाली. घरोघर फवारा घेऊन माणसे फिरली, आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या एक लाखापर्यंत उतरली. मग सर्वांस वाटले की काम झाले. देखरेख सैल पडली, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ साली रोग्यांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. हिवताप परत आला तो सर्वत्र सारखा आला नाही. शहरे सावरली, जंगल आणि डोंगर मागे राहिले. आदिलाबादच्या आदिवासी भागांत पावसाळ्यातील तापाची बातमी वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत येत राहिली. सेवा थांबली की सर्वांत आधी कोणापासून थांबते, हे यावरून कळते.

आता आपण अलीकडच्या काळात येऊ. या शतकात राज्यांनी रोग्याकडे पाहण्याची एक नवी रीत काढली. ती म्हणजे विम्याची. आंध्र प्रदेशात १ एप्रिल २००७ रोजी तीन जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री योजना सुरू झाली आणि पुढे सर्व राज्यात पसरली. तेलंगणाने डिसेंबर २०२३ मध्ये तिची मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढविली. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना निघाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि २०२४ च्या जुलैपासून ती पाच लाखांच्या मर्यादेसह राज्यातील सर्व कुटुंबांस लागू झाली. केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. या योजनांनी पुष्कळांचे प्राण आणि पुष्कळांची शेते वाचविली, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. देशातील आरोग्याच्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ साली ३९.४ टक्क्यांवर आला, असे सरकारी हिशेब सांगतात.

पण शंभरातले एकोणचाळीस रुपये आजही रोग्याच्या गाठीचे जातात, आणि ते कोठे जातात हे पाहिले पाहिजे. विमा मुख्यतः दाखल झालेल्या रोग्याचा खर्च उचलतो. हृदयाची शस्त्रक्रिया त्यात बसते. महिन्याकाठच्या गोळ्या बहुधा बसत नाहीत. बसचे भाडे बसत नाही. रोग्याबरोबर गेलेल्या भावाची बुडालेली मजुरी बसत नाही. शहरातील फुटपाथावर काढलेल्या चार रात्री तर कोणत्याच यादीत नाहीत. वांकिडीच्या शेतमजुरास दहा लाखांचे संरक्षण आहे, हे खरे. त्याचा उपभोग घेण्यासाठी लागणारे पाचशे रुपये त्याच्यापाशी आज सकाळी नाहीत, हेही तितकेच खरे.

सिकलसेलचे उदाहरण येथे अगदी नेमके लागू पडते. रक्ताचा हा आनुवंशिक विकार गोंड, प्रधान आणि विदर्भातील अनेक समाजांत आढळतो. १९५२ साली, म्हणजे आरोग्यकेंद्रांची योजना निघाली त्याच वर्षी, निलगिरीतील आदिवासींत त्याचा भारतातील पहिला शोध लागला. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. मधली सत्तर वर्षे रोगी आपल्या सांधेदुखीला आणि अशक्तपणाला दैव म्हणून सोशीत राहिले. या विकारास एकदाची शस्त्रक्रिया करून मोकळे होता येत नाही. त्यास जन्मभर औषध, वारंवार तपासणी आणि कधी कधी तातडीचे रक्त लागते. मोठ्या रुग्णालयाच्या विम्यापेक्षा जवळच्या केंद्रातील भरलेले कपाट त्या मुलाला अधिक मोलाचे आहे.

मोठी रुग्णालयेही हळूहळू जवळ येत आहेत. आदिलाबादेस २००८ साली, चंद्रपुरास २०१५ साली आणि आसिफाबादेस २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तथापि २०२४ च्या ऑक्टोबरअखेर वांकिडीच्या आदिवासी मुलींच्या आश्रमशाळेत अनेक विद्यार्थिनी एकाएकी आजारी पडल्या. त्यांतील एकीस अखेर हैदराबादेस न्यावे लागले. ते अंतर तीनशे किलोमीटरांहून अधिक आहे. नोव्हेंबरात ती तेथे मरण पावली. त्या प्रकरणातील दोषाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे, आणि आम्ही तो करीतही नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, १८९७ साली सिकंदराबादेत ज्ञान होते आणि जंगलात रोगी होता. सव्वाशे वर्षांनंतरही अखेरच्या उपचारासाठी वांकिडीच्या मुलीला त्याच दिशेने प्रवास करावा लागला.

आमच्या कोकणी वाचकांस हे सर्व दूरचे वाटण्याचा संभव आहे. गोमंतकात १८४२ साली पणजीस वैद्यकशाळा निघाली. राज्य लहान, रस्ते चांगले आणि अंतर थोडे असल्याने तेथील रोगी बांबोळीच्या रुग्णालयात काही घटकांत पोचतो. २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेने पाच वर्षे वा अधिक काळ राहणाऱ्या रहिवाशांस संरक्षणही दिले. पण सीमेचा चटका आपणांसही ठाऊक आहे. दोडामार्ग आणि सावंतवाडी या महाराष्ट्रातील तालुक्यांचे लोक पूर्वापार उपचारासाठी बांबोळीस जात आले. २०१८ च्या जानेवारीत गोव्याबाहेरील रोग्यांना शुल्क लागू झाले, तेव्हा सिंधुदुर्गात मोठा असंतोष उसळला. गोव्याचे म्हणणे असे की आमच्या करातून चाललेल्या रुग्णालयाचा भार आम्हीच किती सोसावा. सिंधुदुर्गाचे म्हणणे असे की आमचे सोयरे, आमची कुलदैवते आणि आमची भाषा जिकडे, तिकडेच आमचे दुखणेही जाणार. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. वांकिडीचा मराठी रोगी चंद्रपुराकडे पाहतो तेव्हा त्याच्या मनात हाच विचार असतो. हैदराबादेपेक्षा चंद्रपूर त्यास कितीतरी जवळ आहे आणि तेथील परिचारिका त्याची भाषा बोलते. ज्यांची कुलदैवते एका राज्यात आणि घरे दुसऱ्या राज्यात आहेत अशा आपल्या समाजाला तरी हे दुःख वेगळे समजावून सांगावे लागू नये.

मग उपाय काय ? तो शोधण्यास फार दूर जावयास नको. वांकिडीच्या पूर्वेस, वर्धा आणि प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा आहे. तेथे १९७३ साली बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंडांमध्ये राहून तो चालविला. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी एकोणचाळीस गावांत थोडे शिकलेल्या गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले. या आरोग्यदूत बाळंतिणीच्या झोपडीत जात, बाळाचे वजन करीत, त्यास ऊब देत आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केले. २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे घरोघर जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचे काम आले, त्यामागे हा अनुभव आहे. मलकापुरमच्या प्रसूतिशालेत जी दृष्टी होती, तीच येथे झोपडीपर्यंत चालत गेली. बांधण्याचे काम तेराव्या शतकात झाले होते. चालण्याचे काम करावयास आपणांस सातशे वर्षे लागली.

रुग्णालये बांधणे, डॉक्टर नेमणे, दोन राज्यांच्या योजनांचा मेळ घालणे हे राज्याचे कर्तव्य आहे. ते धर्मसंस्थांनी आपल्या अंगावर घ्यावे आणि राज्याला मोकळे सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विम्याच्या यादीत जे बसत नाही, तेवढे तरी देवस्थानांच्या आवाक्यातले आहे. शिर्डीचे संस्थान रुग्णालये चालविते, मुंबईचा सिद्धिविनायक न्यास रोग्यांस अर्थसाहाय्य देतो. मणिपाल येथे डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९५३ साली वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा समाजाने किती हातभार लावला हे कोकणी वाचकांस सांगणे नको. प्रत्येक देवस्थानास एवढे मोठे काम झेपणार नाही. पण जिल्ह्याच्या रुग्णालयाजवळ रोग्याच्या नातलगास निजण्यापुरती धर्मशाळा, एक वेळचे जेवण, घरी परतण्याचे भाडे, उत्सवाच्या दिवशी रक्तदान, आणि कागद वाचून दाखविणारा व रोग्याची भाषा डॉक्टरास सांगणारा एक तरुण, इतके मध्यम उत्पन्नाच्या देवस्थानासही साधेल. आपली अन्नसंतर्पणे आजही थाटाने होतात. त्यांतील एक पंगत रुग्णालयाच्या फाटकाशी वाढली गेली, तर मलकापुरमच्या दानपत्राशी ते अधिक सुसंगत होईल.

नागोबाच्या दरबाराची आठवण आम्ही राखून ठेवली होती ती यासाठी. तेथे अधिकारी देवाच्या दारी येऊन बसतो आणि सर्वांत दूरच्या पाड्यातील माणूस त्याच्यापुढे उभा राहून बोलतो. या प्रथेमागे रोग्याच्या न्यायाचेही तत्त्व आहे. ज्याला ऐकावयाचे आहे त्याने चालत गेले पाहिजे. आपल्या यात्रांत आपण देवाची गाऱ्हाणी घालतो. त्याच यात्रांत एक मांडव गावच्या रोग्यांसाठी घालावा, उपकेंद्रात औषध आहे की नाही, परिचारिका नेमली आहे की नाही, कोणाची पत्रिका कोठे अडली आहे, हे तेथे उघड विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत दरसाल विचारीत राहावे. यास फार द्रव्य लागत नाही.

वांकिडीच्या वाटेवरून आजही कोणी बाप आपल्या तापलेल्या मुलास खांद्यावर घेऊन मोठ्या रस्त्याकडे निघाला असेल. त्याच्या खिशात एखादे कार्ड असेल, आणि ते खरे असेल. त्याला रस्त्यापर्यंत कोण पोचविणार, हा प्रश्न तिरुमुक्कूडलच्या दगडापासून आजच्या कार्डापर्यंत तसाच उरला आहे. त्याचे उत्तर देण्यात आपला काही वाटा आहे की नाही, हे आमच्या वाचकांनी आपापल्या देवस्थानाच्या पुढील सभेत ठरवावे.